मालक पाहिजे, सोळाशे मीटर पळणारा

बीड जिल्ह्याचं नाव आकाशवाणीवर यावं आणि त्या वाक्यात दुष्काळ, ऊसतोड किंवा राजकारण यांपैकी काहीच नसावं, असा योग फार क्वचित येतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी तो आला. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये बीड पोलिसांच्या रॉकी या कुत्र्याची आठवण काढली. तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासात रॉकीनं मदत केली होती, आणि तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला होता. त्याच भाषणात लष्कराच्या सोफी आणि विदा या श्वानांचंही कौतुक झालं म्हणे. म्हणे अशासाठी, की आपल्या जिल्ह्याचं नाव घेतल्यावर आमच्याकडं जो गलका झाला त्यात बाकीचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. बीडपासून पाटोद्यापर्यंत चार पाय आणि एक आवाज असलेल्या प्रत्येक पिल्लाचं नाव रॉकी पडलं. आमच्या गल्लीत संध्याकाळी कुणी ‘रॉकी’ म्हणून हाक मारली की ग्रामसभेला जमत नाही एवढा कोरम भरायचा. नाव सगळ्यांनी उचललं, नोकरी मात्र कुणी बघितली नाही. रॉकीला काम होतं. रोजचं, नेमाचं आणि सरकारी. बीड जिल्ह्यात एवढ्या तीन गोष्टी एका ठिकाणी मिळाल्या तर माणूससुद्धा गुणी निघतो.

पोलीस किंवा लष्कर कुत्रं कसं निवडतात हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. साधारण माणूस पिल्लं बघायला जातो तेव्हा जे मांडीवर येऊन झोपतं ते उचलतो. तिथला जाणकार चेंडू फेकतो आणि बघतो. जे पिल्लू चेंडूमागं जातं, तो गवतात हरवला तरी हुंगत बसतं, हिसकावला तरी सोडत नाही, जेवणाची थाळी समोर आली तरी ज्याची नजर चेंडूवरच राहते, ते पास. पुढं हेच कुत्रं स्फोटकं हुडकतं, तेव्हा त्याला देशसेवा करतोय असं वाटत नसतं. वास सापडला की चेंडू मिळतो, एवढाच त्याचा हिशेब. सरकारी नोकरीत इतक्या कमी पगारावर इतकं काम करणारा दुसरा कर्मचारी माझ्या पाहण्यात नाही.

आता हीच रग, हाच चिवटपणा घेऊन ते कुत्रं दोन गुंठ्यांच्या प्लॉटवरच्या बंगल्यात आणा. हरवलेला चेंडू तासभर शोधणं याला तिथं ‘सोफा फाडला’ म्हणतात. तोंडात धरलेली वस्तू न सोडणं याला ‘पाहुण्याचं धोतर’ म्हणतात. शेतात नेलं तर ठिबकच्या नळ्या आहेतच. एकरभर ठिबक एका दुपारात सोडवून दाखवणारं कुत्रं मी पाहिलंय. गुण तेच असतात, फक्त त्यांच्यासमोर गुन्हेगार नसतो. मग घरातल्यांनाच ती जागा भरून काढावी लागते.

कॅलिफोर्नियात विल्मा मेलव्हिल या बाईंनी १९९६ साली एक संस्था काढली. आदल्या वर्षी ओक्लाहोमा शहरातल्या बॉम्बस्फोटानंतर ढिगाऱ्यात माणसं शोधायला त्या आपलं कुत्रं घेऊन गेल्या होत्या, आणि अशी शिकवलेली कुत्री देशात किती थोडी आहेत हे त्यांना तिथं कळलं. त्यांच्या संस्थेनं माणसं शोधायची कुत्री आणली ती बरीचशी निवाऱ्यांतून, म्हणजे ‘घरात सांभाळता येत नाही’ म्हणून लोकांनी आणून टाकलेल्यांतून. चेंडूसाठी जीव टाकणारं, भिंतीवर चढणारं, मालकाला रडकुंडीला आणणारं कुत्रं तिथं ढिगाऱ्यावर उभं राहून खाली कुठं माणूस जिवंत आहे ते सांगतं. आमच्याकडं तेच कुत्रं गाडीच्या डिकीत घालून नारायणगडाच्या पायथ्याला आणून सोडतात.

हा भाग जरा विस्तारानं सांगायला हवा. नारायणगड म्हणजे संत नगद नारायण महाराजांचं स्थान, आमची धाकटी पंढरी. बालाघाटाच्या डोंगरांत, बीडपासून जवळ. एकादशीला इथं किती माणूस येतो ते यावंच आणि बघावं. २०२४ च्या दसरा मेळाव्याची गर्दी तर साऱ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिली. जिथं देव आहे तिथं अन्न आहे, आणि जिथं अन्न आहे तिथं नको असलेलं जनावर सोडलं तर पाप लागत नाही, असा एक अलिखित धर्म महाराष्ट्रातल्या सगळ्याच देवस्थानांच्या वाटेवर पाळला जातो. माणूस गाडी थांबवतो, कुत्रं उतरवतो, शिखराकडं बघून हात जोडतो आणि निघून जातो. दर्शनालासुद्धा थांबत नाही, कारण तेवढ्यात कुत्रं परत गाडीत बसतं.

कायदा याला गुन्हा मानतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे आणि त्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला वाऱ्यावर सोडणं येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. आज बीडच्या स्टँडवर पन्नास रुपयांत दोघांचा चहा-नाश्ता होत नाही, पण एक कुत्रं जन्माचं सोडता येतं. त्यातही कलमाचे शब्द असे, की उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील अशा परिस्थितीत सोडलं तर गुन्हा. इथं तर महाप्रसाद आहे. तेव्हा डिकी उघडणारा माणूस भाविक वाटत असला तरी वकिलाचा सल्ला घेऊन आलेला असावा, अशी मला दाट शंका आहे.

गावठी कुत्रं असं कुणी सोडत नाही. ते मुळात कुणी आणलेलंच नसतं. ते वतनदार असतं, उकिरड्यापासून पारापर्यंतचा सातबारा त्याच्या नावावर असतो. सोडली जातात ती गळ्यात पट्टा असलेली: अल्सेशियन, डॉबरमॅन, आणि अलीकडं बेल्जियन मॅलिन्वा. या शेवटच्या जातीनं तर कहर केलाय. २०११ साली अमेरिकेच्या ज्या पथकानं ओसामा बिन लादेनला मारलं, त्यात कैरो नावाचं मॅलिन्वा होतं. आपल्याकडं इंडो-तिबेट सीमा पोलीस हीच जात वापरतात. एवढी माहिती मोबाईलवर मिळाली की आमच्याकडचा तरुण कर्ज काढून पिल्लू आणतो. सहा महिन्यांनी पिल्लू ओसामाला शोधायला लागतं. कॉलनीत ओसामा नसतो, दूधवाला असतो.

माझं घर गडाकडं जाणाऱ्या वाटेवर असल्यामुळं या मंडळींशी माझा संबंध येणं अटळ होतं. गावातले एक जनावरांचे डॉक्टर, एक मेडिकलवाले आणि मी असे तिघं जण मिळून आम्ही सोडलेल्या कुत्र्यांना रेबीजची लस देतो, नसबंदी करून घेतो आणि त्यांच्यासाठी घरं बघतो. संस्था वगैरे काही नाही. मेडिकलवाल्यांच्या दुकानातली दोन खुर्च्यांची जागा म्हणजे आमचं कार्यालय, आणि तीही गिऱ्हाईक आलं की उठून द्यावी लागते.

गावात लोक याला सोयरीक जुळवणं म्हणतात. मला ते पटत नाही. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचं झाकायचं असतं, आणि आम्हाला दोन्हीकडचं उघडं करावं लागतं. ही सरळसरळ भरती आहे. जागा एक, ती मालकाची. उमेदवार माणसं. परीक्षक डॉक्टर, आणि शेवटची सही कुत्र्याची.

आमचा एक छापील फॉर्म आहे. त्यावरून जेवढी भांडणं झालीत तेवढी बांधावरूनही होत नसतील.

“कुत्रं न्यायला फॉर्म? आन् तो आमी भरायचा?”

“मग काय कुत्र्यानं भरायचा?”

“आवो, रेशन कार्डाला एवढं इचारत न्हाईत.”

विचारतो काय, तर साध्याच गोष्टी. पहाटे किती वाजता उठता? घरी दिवसभर कोण असतं? कुत्रं साखळीला किती तास राहील? आजारी पडलं तर नेणार कोण? घरातल्या बाईला विचारलंय का? या शेवटच्या प्रश्नाला पन्नाशीचे, पाटीलकीचे, मिशीवाले पुरुष असे दचकतात की फॉर्मवर चहा सांडतो. कुत्र्याला भाकरी कोण घालणार हे घरात ज्यांना माहीत आहे, त्यांना सोडून बाकी सगळे कुत्रं न्यायला आलेले असतात.

खाली एक हमीपत्र आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय की रस्त्यावरची कुत्री दत्तक घेता येतील, पण दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. आम्ही तोच आधार धरून एक ओळ लिहिली: ‘मी हे कुत्रे पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही.’ एका गृहस्थानं ती मोठ्यानं वाचली, सही ठोकली आणि म्हणाला, “रस्त्यावर कशाला सोडू साहेब? तसं झालंच तर गडावर आणून सोडीन की.” आता त्या ओळीत ‘गडावरही’ असा शब्द पेनानं वाढवलेला आहे.

घर न बघता दत्तक दिलं तर काय होतं याचा धडा आमच्याच जिल्ह्यात जगानं पाहिलाय. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळची बातमी परदेशी वर्तमानपत्रांनीही छापली होती. माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून छपरांवर आणि झाडांवर नेत होती. शेवटी वनखात्यानं नागपूरचं पथक बोलावून दोन माकडं धरली. कुणी म्हणालं सूड, कुणी म्हणालं माया. मायाच असेल तर ती बंगलेवाल्यांच्या मायेहून फार वेगळी नव्हती. पिल्लू गोड दिसलं, उचललं, उंचावर नेलं, आणि पुढं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे सगळं सुरळीत म्हणता येईल असं चाललेलं असताना एका एकादशीला मुकादम आला.

म्हणजे कुत्रं. शरीर अल्सेशियनचं, कान एक उभा आणि एक पडका, बाकीचं देवाला ठाऊक. कुणी सोडलं ते दिसलं नाही. दुपारी पंगत बसली तेव्हा ते पंगतीभोवती फेऱ्या घालताना लोकांनी पाहिलं. अन्नाकडं ढुंकूनही बघेना. पंगतीतून कुणी मधेच उठला की हे धावत जायचं, नाकानं त्याच्या पोटरीला ढुसणी द्यायचं आणि त्याला परत जागेवर आणून बसवायचं. एका वाढप्याला त्यानं आमटीच्या बादलीसकट दोनदा रांगेत बसवला. विखुरलेली माणसं गोळा करायची, मोजायची आणि एका जागी दाबून ठेवायची, हे काम बीड जिल्ह्यात कोण करतं ते सांगायला नको. मुकादम हे नाव तिथल्या तिथं पडलं. फक्त यानं ऊसतोडीच्या मुकादमासारखी आगाऊ उचल दिली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, यात त्याचा दोष नाही. अल्सेशियन हे मुळात मेंढपाळाचं कुत्रं. १८९९ मध्ये माक्स फोन स्टेफानित्झ नावाच्या जर्मन कॅप्टननं मेंढ्यांमागं राबणाऱ्या कुत्र्यांतून ही जात बांधली. पुढं पोलिसांनी ती उचलली, सिनेमानं उचलली, आणि लोकांना वाटायला लागलं की हे कुत्रं जन्मतःच फौजदार आहे. मेंढ्या रक्तात आहेत आणि मेंढ्या समोर नाहीत, मग समोर जे विस्कळीत दिसेल त्याला ते रांगेत लावणार.

गंमत अशी की दिंडी आली की मुकादम शांत. टाळकरी ओळीत, विणेकरी जागेवर, चोपदाराचा दंड वर. त्याला करण्यासारखं काही शिल्लकच नसायचं. झाडाखाली बसून तो समाधानानं बघत राहायचा. दिंडी विसावली, माणसं पाण्याच्या टँकरकडं पांगली, की याच्या अंगात यायचं. बरं झालं २०२४ च्या दसऱ्याला तो इथं नव्हता. ती सगळी गर्दी त्यानं संध्याकाळपर्यंत एका रांगेत लावली असती किंवा त्या नादात जीव दिला असता.

त्याच्यासाठी उमेदवार पुष्कळ आले. कुत्रं देखणं होतं.

पहिले आले ते पांढऱ्या गाडीतून, प्लॉटिंगचा धंदा करणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “चावतो का?” आणि आम्ही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. शिकवता येईल का, असं त्यांनी आशेनं विचारून पाहिलं. फॉर्ममध्ये साखळीच्या तासांसमोर त्यांनी ‘२४’ लिहिलं होतं आणि वर तोंडी सांगितलं की साखळी चांदीची करू. रिकामं, रागीट, साखळीला बांधलेलं रगेल कुत्रं किती धोक्याचं असतं हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सांगितलं. एक दिवस साखळी तुटते, आणि त्या दिवशी समोर चोर असेलच याची खात्री कुणी देत नाही, बहुधा शेजाऱ्याचं लेकरू असतं. ते ऐकून ते म्हणाले, मग दुसरं बघा, यापेक्षा मोठं.

एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना सोबत हवी होती. पहाटे उठत होते, खोटं बोलत नव्हते, भाकरी स्वतः करत होते. पण त्यांची रपेट म्हणजे घरापासून मारुतीपर्यंत आणि परत, वाटेत दोनदा बसून. मुकादमानं त्यांना आठवडाभरात मारुतीच्या पुढं मांजरसुंब्यापर्यंत हाकलत नेलं असतं. त्यांना आम्ही एक म्हातारी गावठी कुत्री दिली, अर्धी आंधळी, स्वभावानं संत. दोघं आता एकाच वेळी झोपतात, एकाच वेळी घोरतात, आणि उठल्यावर एकमेकांकडं ‘कोण घोरत होतं’ अशा नजरेनं बघतात. इतकी फक्कड जोडी आमच्या हातून पुन्हा जमणार नाही.

मग एकजण आला शिकारीचा शौकीन. त्याला खरं तर कारवानी हवं होतं. लातूर जिल्ह्यातल्या जानवळचं, नाहीतर मुधोळचं. ही आपल्या दख्खनची अस्सल जात: लांब पाय, आत गेलेलं पोट, वाऱ्यागत वेग. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला नजर केली, आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. या कुत्र्याला ससा दिसला की कान बंद होतात. मालकाची हाक, शिट्टी, शिवी, काही पोचत नाही. शौकीन गृहस्थ म्हणाले, “तेच तर पायजे.” आमच्या बाजूला पाटोदा तालुक्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा वरच्या पन्नास रुपयांच्या दंडासारखा मवाळ नाही. एवढी आठवण करून दिल्यावर त्यांनी चहा अर्धाच घेतला.

सगळ्यांत अवघड गेला तो पाच एकर कापूसवाला. चांगला माणूस. रानडुकरांनी हैराण झालेला. २०२० साली आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून त्याच्या घरातल्यांनी रानात रात्री एकटं जायची धास्ती घेतलेली. त्याला कुत्रं शोभेला नको होतं, कामाला हवं होतं. घरातल्या बाईला विचारलं होतं, नुसतं विचारलं नव्हतं तर ती बरोबर आली होती आणि मुकादमाचं तोंड उघडून दातही बघत होती. डॉक्टरांनी पेन उचललं. मग मी विचारलं, घरी वर्षभर कोण असतं?

दोघं एकमेकांकडं बघू लागले. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. उन्हाळा लागला की परत. मागं म्हातारी आणि दोन लेकरं. पस्तीस किलोचं कुत्रं म्हातारीला झेपणारं नव्हतं. बरोबर न्यावं, तर तिथं उसात कोपी, आणि उसात बिबट्या. अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. बाई म्हणाली, “मंग राहू द्या. आपल्यामागं मुक्या जिवाची फरफट नको.” फॉर्म तिनंच परत केला. चांदीच्या साखळीवाल्याला नकार देताना मला मजा आली होती. या दोघांना नकार देताना वाटलं, फॉर्ममध्ये रकाने कितीही पाडले तरी ज्याची लायकी आहे तो सहा महिने घराबाहेर, आणि ज्याचं घर बारा महिने उघडं त्याला आपण दारात उभं करत नाही.

गडावरच्या एका कीर्तनात नामदेवांची कथा लागली होती. कुत्र्यानं पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ऐकणारे सगळे भूतदयेनं हेलावले. माझं लक्ष मात्र धावण्याकडं गेलं. एवढ्या मोठ्या संताला कुत्र्याच्या मागं पळता येत होतं, वाटीतलं तूप न सांडता. आमचा एकही उमेदवार रिकाम्या हातानं पळायला तयार नव्हता. फॉर्ममधले बाकीचे प्रश्न काढून टाकावेत आणि फक्त ‘पळता का?’ एवढंच ठेवावं, असं मी त्या रात्री डॉक्टरांना सुचवलं. ते म्हणाले, “पळणारा इथं फॉर्म भरायला कशाला येईल? तो पळत असेल.”

आणि पळत होताच. गडाच्या रस्त्यावर पहाटे अंधारात पोरं पळतात. हे दृश्य बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर दिसतं. पोलीस भरती. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची, त्यातले वीस नुसत्या सोळाशे मीटरला. उरलेले शंभर मीटरला आणि गोळाफेकीला. त्या पोरांत एक जण रोज मागं पडायचा. मुकादमाला मागं पडलेला माणूस बघवत नाही. त्यानं त्या पोराच्या पोटरीला नाक लावलं. पोरगं बोंबलत सुटलं आणि बाकीच्यांना जाऊन मिळालं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग तो मागं पडेना. मग तो पुढं जायला लागला, आणि ते मुकादमाला अजिबात आवडेना, कारण पुढं जाणं हेसुद्धा रांग मोडणंच. त्यानं उरलेल्या सगळ्यांना पिटाळून त्याच्याबरोबर आणलं. त्या तुकडीची वेळ अशी सुधारली की शेजारच्या गावचे भरतीवाले चौकशीला आले, कुत्र्याची फी किती.

पोराला आम्ही बोलावून घेतलं.

“पहाटे कितीला उठतोस?”

“साडेचारला, काका.”

या प्रश्नाला खरं उत्तर देणारा तो गुरुजींनंतरचा दुसरा.

“घरी कोण असतं?”

“आई. शेळ्या. मी.”

“आईला विचारलंस?”

“आईनंच धाडलंय. म्हणली, कुत्रं तुला उठवतंय तर घरात आण, माझा घसा वाचंल.”

डॉक्टरांनी त्याला समोर बसवून शिकवणी दिली. रगेल कुत्र्याला नुसतं पळवून उपयोग नाही. पळवल्यानं ते दमत नाही, त्याचा दम वाढतो. महिन्याभरापूर्वी जे सोळाशे मीटरला दमायचं ते आता तीन हजारांनी गरम होतं. म्हणून डोक्याला काम द्यायचं. भाकरीचे तुकडे शेतात लपवायचे आणि हुडकायला लावायचं. वास घेऊन शोधण्यात कुत्रं जितकं थकतं तितकं धावण्यात थकत नाही. बस म्हटलं की बसायचं, सोड म्हटलं की सोडायचं, आणि थांब म्हटलं की शेळी समोरून पळाली तरी थांबायचं. पहिले तीन दिवस ते बावरलेलं असेल, तीन आठवड्यांनी घराचं वेळापत्रक त्याच्या लक्षात येईल, आणि आपलं घर म्हणून वागायला तीन महिने लागतील. पोरानं सगळं वहीत लिहून घेतलं, वर तारीख टाकून. भरतीच्या पोरांना वहीची सवय असते. ‘भाकरी लपवणे’ याखाली त्यानं रेघ मारली.

शेळ्यांनी मुकादमाचं जीवनच बदललं. सकाळी भरतीची तुकडी, दिवसभर शेळ्या, संध्याकाळी लपवलेली भाकरी. शेळी हा रांग न पाळण्याविषयी ठाम मतं असलेला प्राणी आहे. त्यामुळं त्याचं काम कधी संपत नाही, आणि काम संपत नाही म्हणून चपला शाबूत आहेत. पंगतीत आता तो दिसत नाही. वाढपी मोकळेपणानं फिरतात.

आता पेच वेगळाच आहे. पोराची वेळ उत्तम लागलीय. डॉक्टर म्हणतात निवड होणार. गाव म्हणतं निवड होणार. निवड झाली की तो प्रशिक्षणाला जाईल, मग कुठल्या जिल्ह्यात नेमणूक मिळेल ते सांगता येत नाही, आणि पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत शेळ्यांविना मुकादम काय करील ते मात्र सांगता येतं. म्हणजे उमेदवार जितका लायक तितका तो लवकर हातचा जाणार. नापास झाला असता तर आमच्या दृष्टीनं आदर्श मालक होता. हे मेडिकलवाले एकदा भर दुकानात बोलून बसले आणि पोराच्या मामानं त्यांच्याकडून गोळ्या घेणं बंद केलं.

मी त्याच्या आईकडं गेलो. ती शेळ्यांना पाला टाकत होती, मुकादम गोठ्याच्या दाराशी हजेरी घेत होता. म्हटलं, ताई, पोरगं गेलं तर कुत्र्याचं कसं करायचं? दुसरं घर बघू का?

“कशाला?” ती म्हणाली. “भाकर मीच टाकते त्याला. शेळ्या त्यो राखतो. त्याचा फॉर्म माझ्या नावावर करा.”

“पण पहाटेचं पळणं?”

तिनं पदर खोचला आणि पोराच्या दारातल्या बुटांकडं बघितलं. कितीचे लागतील ते मला विचारू लागली. म्हटलं, बघू, बीडला गेलो की आणतो. महिलांना भरतीत आठशे मीटरच असतात, फक्त ते मुकादमाला मान्य व्हायला हवं.